उमाईसाहेब खांबावर चढल्या त्याची बखर

लेखनारंभी विघ्नहर्त्यास नमन, राज्याचे कुलस्वामिनीस नमन, आणि जे कोणी निवांत बसोन हे वाचतील तयांस आरोग्य असो. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सर, ते सालची ही हकीकत. राज्य कोणते, गड कोणता, हे लिहू नये ऐसे सांगणारांनी बजाविले, सबब लिहिले नाही. स्वाऱ्यांच्या बखरी पुष्कळ जाहल्या. कोण किती घोड्यांनिशी गेला, कोठे मुक्काम केला, हे सर्व त्यात सापडते. मागे घरी कोण राहिले ते कोणी लिहीत नाही. ते येथे लिहिले आहे.

गडाचे किल्लेदार निंबाजीराव. महाराजांचे हुकुमाने ते फौजेसह उत्तरेस गेले आणि तिकडेच गुंतले, त्यास अकरा वर्षे जाहली, आणि तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडिला ऐसेही कानावर आले होते. तयांच्या पत्नी उमाईसाहेब, वय सेहेचाळीस. एक कन्या, ती सासरी. वर्षास एक पत्र येई, तीन ओळींचे, त्यात गडाची खबर विचारलेली असे. गडावर बाईसाहेबांस मान बहुत. त्या दिसल्या की लोक उठोन उभे राहत, आणि उभे राहिलेले माणूस गप्पा मारीत नाही. दासी पाणी ठेवीत, पान वाढीत आणि मागे सरत. निंबाजीरावांची वडील बहीण बयाबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या, त्या पलीकडचे चौकात राहत. दोघी दुपारी सुपारी कातरीत समोरासमोर बसत. बोलणे फारसे नसे. आज ऊन आहे, आज वारा आहे, इतके होई, आणि मग दिवेलागणीस आपापले चौकात जात.

ऐशात आश्विनमासी नवरात्रात दक्षिणेकडील एक खेळाचे पथक गडावर आले. सदरेसमोर त्यांनी पितळेचा खांब रोविला, आणि येमा म्हणून पथकाची वस्ताद, पन्नाशीची बाई, ती ताल धरोन खांबाभोवती नाचली, मग नाचता नाचता वर गेली, आणि गुडघ्याचे आढीत खांब धरोन उलटी जाहली आणि दोन्ही हात सोडोन फिरत राहिली. लोकांनी आरोळी दिली. उमाईसाहेब जाळीमागे होत्या. त्या मागाहून बयाबाईंस म्हणाल्या, "वन्सं, ती वर एकटीच होती, पण एकटी दिसत नव्हती." बयाबाई म्हणाल्या, "पडली असती म्हणजे कळले असते," आणि सुपारी कातरू लागल्या.

खेळ संपला तो येमाचा डावा गुडघा सुजला. पथकास पुढे जाणे होते, तेव्हां ती फाल्गुनापर्यंत गडावर राहावी ऐसे ठरले. बाईसाहेबांनी तिला बोलाविले आणि दासींस बाहेर घालविले, आणि म्हणाल्या, "आम्हांस खांब शिकावयाचा आहे."

येमा म्हणाली, "कोणापुढे नाचणार, बाईसाहेब?"

"कोणापुढे नाही."

"मग कशास?"

"दिवस जात नाही, वस्ताद."

येमा म्हणाली, "माझ्याकडे पोटासाठी शिकावयास येतात. हौसेने आलेल्या तुम्ही पहिल्या. शिकवीन. पण येथे माझा हुकूम चालेल. मी उतरा म्हटले की उतरावयाचे, आणि मला बाईसाहेब मेलेल्या नकोत."

मग गडाचा जुना अंबारखाना पाहिला. धान्य नव्या कोठारात गेल्यापासून तो रिकामा होता, उंच, छताशी हवेचे झरोके. तांबटाने मुठीत मावेल इतका पितळी खांब केला, आणि सुताराने तो खाली चौथऱ्यात आणि वर तुळईत पक्का बसविला. येमा रोज आधी खांबास दोन्ही हातांनी हिसके देऊन पाही, वरची खीळ पाही, मग कापसाची जाड गादी बुडाशी अंथरवी, आणि मग म्हणे, "चला." पहिले पंधरा दिवस वर जाणे नाहीच. मनगटे फिरवा, खांदे फिरवा, उकिडवे बसा, खांब धरोन लोंबा आणि मनात दहा मोजा. बाईसाहेब त्रासल्या आणि म्हणाल्या, "चढणे केव्हां?" येमा म्हणाली, "उतरणे आले म्हणजे. वर गेलेले पुष्कळ पाहिले. खाली नीट आलेले थोडे."

चढण्याचे दिवशी अंगास तेल लावणे बंद करविले, कारण तेलाने खांब सुटतो. तळहातास राळेची पूड. लुगडे नको, मांडीची कातडी खांबास लागली पाहिजे म्हणोन आखूड चोळणा. हे सर्व बाईसाहेबांनी ऐकिले. मग येमा म्हणाली, "अंगठ्या काढा, आणि बांगड्या काढा," तेथे त्या थांबल्या. पती हयात, आणि हात रिकामे कैसे करावे? त्या म्हणाल्या, "ते होणे नाही. फडके गुंडाळीन." येमाने फडके गुंडाळू दिले. तिसरे दिवशी हात घसरला, फडक्याचे आत काच फुटली आणि मनगटात शिरली. येमाने तयांस खाली बसविले, हात आपले मांडीवर घेतला, आणि काचेचा एकेक तुकडा नखाने काढू लागली. बाईसाहेबांचे डोळ्यांतून पाणी वाहू लागले. येमा म्हणाली, "इतके दुखते?"

"दुखत नाही."

"मग?"

बाईसाहेब म्हणाल्या, "कोणी हात धरोन बसले नव्हते फार दिवसांत. तुम्ही सोडू नका, इतकेच."

काच निघाली तरी येमाने हात सोडिला नाही. दुसरे दिवशी बाईसाहेबांनी आपले हाताने बांगड्या उतरविल्या आणि कोनाड्यात ठेविल्या, आणि शिकणे आटोपताच पुन्हा भरिल्या, आणि हा रोजचा परिपाठ जाहला. मांड्यांस निळे डाग पडले, पायांची कातडी सोलपटली, आणि रात्री कुशीवर वळता येईना. परंतु तयांस झोप लागू लागली. मार्गशीर्षात त्या आपले उंचीइतक्या चढल्या. पौषात खांबाभोवती एक पाय गुंतवोन फिरू लागल्या, आणि फिरताना तोंडाने हुं हुं ऐसे काही गुणगुणत. ते गाणे कोणते म्हणोन येमाने विचारिले, तो तयांसही सांगता येईना. माघात पहिल्याने उलट्या जाहल्या, तेव्हां येमाचा एक हात पाठीखाली आणि एक मानेखाली होता, आणि येमा म्हणत होती, "मी आहे. सोडा हात. मी आहे." उमाईसाहेबांनी हात सोडिले, आणि अंबारखान्याची भुई आकाशासारखी वर दिसली.

फाल्गुनात पथक परतले आणि येमास न्यावयास आले. निघते वेळी येमा म्हणाली, "खाली कोणी नसेल त्या दिवशी खांबास हात लावावयाचा नाही. वचन द्या." बाईसाहेब म्हणाल्या, "खाली कोण उभे राहणार? तुम्ही चाललात." येमा म्हणाली, "गड माणसांनी भरला आहे, बाईसाहेब." मग वचन दिले आणि बाईसाहेब दरवाजापर्यंत पोहोचवावयास आल्या. पथक वळणाआड गेले तरी त्या तेथेच उभ्या होत्या, आणि पहारेकरीही तयांचे मानास्तव उभे राहिले.

पुढे शके सोळाशे बासष्ट, रौद्र नाम संवत्सर लागले. दोन मास बाईसाहेबांनी वचन पाळिले. रोज अंबारखान्यात जाऊन भुईवरची कसरत करीत, खांब फडक्याने पुसीत, आणि परत येत. कोणास सांगावे आणि काय म्हणोन सांगावे, हे तयांस उमगेना. ज्यांनी आपल्यापुढे कधी बसू नये तयांस आपले खाली हात पसरोन उभे राहा कैसे म्हणावे?

वैशाखात एके दिवशी अभ्यंग उशिराने जाहले आणि इतक्यात उत्तरेहून जासूद आला. निंबाजीरावांचे पत्र. यंदा ते तीन ओळींचे नव्हते. नऊ ओळी होत्या. बाईसाहेबांचे मनास आनंद वाटला. देवापुढे बसोन त्या वाचू लागल्या. त्यात लिहिले होते की, आम्ही हयात असता तुम्ही चुडा उतरविता आणि अंबारखान्यात उघडे पायी खांबावर चढता ऐसे खात्रीचे वर्तमान कळले. आमचे मरण चिंतिता काय? लोकांत आमचे नाव जाते. खांब उपटोन टाकावा. नऊ ओळींत प्रकृती कैसी म्हणोन कोठे नव्हते. बाईसाहेबांनी पत्र दोनदा वाचिले, पालथे घालोनही पाहिले, मग तैशाच उठोन अंबारखान्यात गेल्या. अंगास तेल होते. गादी अंथरिली नाही. खांबास हिसका दिला नाही, राळ लाविली नाही. संतापाने चढल्या त्या तुळईपाशी गेल्या, आणि उलट्या जाहल्या, आणि मांड्यांतून खांब सुटला.

डावे खांद्यावर पडल्या. गळ्याशी हाड मोडल्याचा आवाज तयांनी स्वतः ऐकिला. भरदुपार होती. हाका मारिल्या, त्या उंच छताखाली घुमोन परत आल्या. दासींस वाटले बाईसाहेब निजल्या असतील, उठवू नये. ऐसे मानाने तयांस कोणी शोधिले नाही. झरोक्यांतून ऊन भिंतीवर सरकत गेले आणि त्या ते पाहत पडोन राहिल्या.

बयाबाई दुपारी सुपारी घेऊन बसल्या होत्या. समोर कोणी आले नाही. कार्तिकापासून दुपारी बहुतेक कोणी येतच नसे. परंतु ते दिवशी तयांचे मन स्थिर होईना, आणि पत्र आल्याचे कळले होते, तेव्हां त्या काठी टेकीत अंबारखान्यास आल्या. भुईवर भावजय पाहोन तयांची काठी गळाली. शेजारी बसल्या, पदराने तयांचे तोंड पुशिले, दरवाजाकडे तोंड करोन मोठ्याने माणसे हाकारिली, आणि माणसे येईतो म्हणाल्या, "वहिनी, ते मी कळविले. कारकुनाकडून पत्र मी लिहविले."

उमाईसाहेबांनी डोळे मिटिले. "का, वन्सं?"

"तुम्ही इकडे येऊ लागलात, आणि दुपारी मी एकटीच बसू लागले. मला वाटले खांब गेला की तुम्ही परत याल. दुसरे काही मनात नव्हते. तो ऐसे लिहील हेही कळले नाही मला. माझे हात तर अडतीस वर्षे मोकळेच आहेत, वहिनी, बांगड्यांचे मला काय?"

वैद्याने हाड बसविले, खांदा बांधिला, आणि अडीच मास हात हलवू नये म्हणाला. बाईसाहेब पंधरा दिवस बयाबाईंशी बोलिल्या नाहीत. बयाबाई रोज येत, उशी सारखी करीत, भात कालवोन घास भरवीत, आणि जात. सोळावे दिवशी उमाईसाहेब घास गिळोन म्हणाल्या, "वन्सं, मीठ कमी आहे." बयाबाई म्हणाल्या, "उद्या घालीन," आणि तेथेच बसोन राहिल्या, आणि दोघींनी ती दुपार काढिली.

निंबाजीरावांस उत्तर गेले ते बाईसाहेबांनी स्वहस्ते उजवे हाताने लिहिले की, चुडा आपले हयातीसाठी भरितो आणि चढते वेळी हातास काच शिरू नये म्हणोन उतरवितो. खांब उपटणार नाही. आपली प्रकृती कैसी ते कळवावे, आमचे हाड मोडले होते, आता बरे आहे. या पत्रास उत्तर आले नाही. पुढील सालीही आले नाही. येमा वस्तादही पुन्हा त्या गडावर आली नाही. पथक दुसरे वाटेने जाऊ लागले, इतकेच कळले.

त्याच साली भाद्रपद संपता संपता वैद्याने चढण्याची मोकळीक दिली. बाईसाहेब बयाबाईंचे चौकात गेल्या आणि उंबऱ्याशीच उभ्या राहोन म्हणाल्या, "वन्सं, मला खाली माणूस लागते."

बयाबाई म्हणाल्या, "मी म्हातारी. तुम्ही पडलात तर मी काय धरणार?"

"मान धरा. पाठ गादीवर पडेल. मान तेवढी धरा. मी शिकविते."

मग आठ दिवस बाईसाहेबांनी बयाबाईंस शिकविले, पाय कैसे रोवावे, हात कोठे ठेवावे, नजर कोणावर ठेवावी. गुडघे धरतात म्हणोन बयाबाई कुरकुर करीत, परंतु एक दिवस चुकल्या नाहीत. खांबास हिसके देण्याचे काम तयांनी आपले अंगावर घेतले आणि ते इतके जोराने करीत की सुतारास दोनदा बोलवावे लागले. आश्विनात उमाईसाहेब पुन्हा वर गेल्या. सावकाश गेल्या, दर हातास थांबत, तुळईपाशी पोहोचल्या, एक पाय गुंतविला आणि स्थिर जाहल्या. तेथून समोरचे झरोक्यातून गडाखालची उत्तरेची वाट दिसते, हे तयांस ठाऊक नव्हते. इतके दिवस वर जाऊन त्यांनी बाहेर कधी पाहिले नव्हते. वाट दूरवर नदीपर्यंत उघडी पडली होती. त्यावर कोणी नव्हते. बाईसाहेब ती पाहत राहिल्या, बहुत वेळ.

खालून बयाबाई ओरडल्या, "वहिनी, काय दिसते?"

"काही नाही, वन्सं."

"मग उतरा आता. माझे हात भरोन आले."

तेव्हां उमाईसाहेब हळूहळू उतरल्या, आणि गादीवर पाय टेकेपर्यंत बयाबाईंनी मानेचे रोखाने पसरलेले हात खाली घेतले नाहीत.

तात्पर्य इतके की, निंबाजीराव परत आले नाहीत, उमाईसाहेब साठीपर्यंत खांबावर चढत राहिल्या, आणि येमा वस्ताद गेल्यावर तयांचा नाच बयाबाईंवाचोन कोणी पाहिला नाही. बयाबाईंनी जैसे सांगितले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. लेखनसीमा.