गेलेल्यांना लावलेली टिकली

बावीस वर्षं फौजेत स्टोअर सांभाळलं मी. एक बटण इकडचं तिकडं झालं नाही. त्यामुळे ट्रंकेतले जुने फोटो लावणं म्हणजे माझ्या दृष्टीनं किरकोळ काम, असं मी आमच्या क्रांतीला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." बायकोचं हे 'बरं' मला इतक्या वर्षांत ओळखता यायला हवं होतं.

या कामामागं कारण होतं. माझी थोरली बहीण माया, सांगलीला दिलेली. आई गेल्यावर तिनं ही ट्रंक मागितली, मी दिली नाही. "मग घाल वाळवीला," म्हणून ती जी गेली, ती चार वर्षं इकडं, कुंडलच्या घरी फिरकली नाही. फोनसुद्धा नाही. आता तिला साठावं लागत होतं. म्हटलं, सगळ्या खानदानाचा छापील अल्बम करून तिच्या वाढदिवसाला पाठवावा. आक्का विरघळेल.

ट्रंक उघडली आणि माझंच पाणी पाणी झालं. फोटो एकमेकांना चिकटलेले, कडा खाल्लेल्या, मिश्या कुणाच्या आणि पदर कुणाचा काही कळेना. चार दिवस मऊ फडक्यानं पुसून पुसून कंबर धरली. माणूस एकटा असलेले बासष्ट फोटो बरे निघाले. त्यांतले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे नव्हते. ते ओळखणार फक्त मनुकाकी, माझी चुलती, वय पंच्याऐंशी.

काकी नावं सांगणार, क्रांती फोटोच्या मागं लिहिणार, असं ठरलं. प्रश्न एकच होता, हयात कोण आणि नाही कोण. आता पंच्याऐंशीच्या बाईला 'मेलेले वेगळे काढा' असं कसं सांगायचं? मी क्रांतीचं टिकल्यांचं पाकीट काकींच्या हातात दिलं आणि अदबीनं म्हणालो, जे गेलेत त्यांच्या फोटोमागं एकेक टिकली लावा. काकींनी मान डोलावली. मी अंग टाकलं.

संध्याकाळी गठ्ठा बांधून पलूसला स्टुडिओवाल्या सिद्धूकडं दिला. टिकली असेल तिथं नावाआधी 'कै.' लाव, नसेल तिथं 'श्री.' किंवा 'सौ.' लाव, आणि अल्बम परस्पर सांगलीला पाठव, असं सांगितलं. एकदा तपासायला हवं होतं. पण कंबर!

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. चार वर्षांनी आक्काचा आवाज.

"जयराज, मी कवा गेले रं?"

मला वाटलं, रुसून गेल्याचं विचारतेय. मी म्हणालो, चार वर्षं झाली की आक्का.

मग कळलं ते असं. केक कापून झाल्यावर दाजींनी कौतुकानं अल्बम उघडून पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतला. पहिलं पान, श्री. लालासाहेब. म्हणजे आमचे आजोबा, जे जाऊन पन्नास वर्षं झाली. आणि तिसऱ्या पानावर, कै. सौ. माया. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले म्हणे, आणि आक्का समोर केकची सुरी घेऊन उभी!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती दारात. अल्बम माझ्या मांडीवर आपटला आणि थेट काकींकडं वळली.

काकी जागच्या हलल्या नाहीत. "म्या बरुबर लावल्यात. गेल्यात त्येंला लावा म्हनला ह्यो. तू गेलीस न्हवं सांगलीला? चार वर्सं उंबऱ्याला पाय लावला न्हाईस."

मी दमून विचारलं, "आवं, मग आजोबांना का नाही लावली?"

काकींनी भिंतीवरच्या तसबिरीकडं बोट केलं. "मामंजी कुठं गेल्यात? हितंच हायेत की. रोज सांजच्याला दिवा लावतीया मी त्येंच्यापुढं."

आक्का रागानं भरलेली आली होती, ती खाली बसली आणि काकींच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. माझेही डोळे भरले, ते मी फडक्याच्या धुळीवर ढकललं. सिद्धूकडून परत आलेल्या गठ्ठ्यातला आक्काचा फोटो काकींनी मागून घेतला आणि मागची टिकली नखानं हळूच काढून टाकली. म्हणाल्या, "आली न्हवं आता."

नवा अल्बम स्वतः तपासल्याशिवाय हलणार नाही, असं आक्कानं जाहीर केलंय. आज नववा दिवस. माझा चहा कमी केलाय, माझी खुर्ची घेतलीय, बावीस वर्षांच्या फौजेवर रोज टोमणे चालू आहेत, आणि काकींच्या खोलीतून सारखं हसू ऐकू येतंय. सिद्धू रोज फोन करतो, काका, दुरुस्ती तासाभराची हाय, तेवढी गेलेल्यांची यादी द्या की. मी सांगतो, शोधतोय बाबा, सापडत नाही.

यादी परवापासून माझ्या खिशात आहे.