पाणी शोधायला लागणारं पाणी

दादा गेल्यापासून मी घरात काही ना काही ठोकत असतो. खिळा, पलंगाचा पाय, दाराची चांगली चालणारी कडी. त्यामुळे चंचलवहिनी डोक्यावरचा हंडा उतरवताना "कंबर गेली बाई" म्हणाली, तेव्हा मी उभ्या उभ्या ठरवलं, मागच्या अंगणात बोअर मारायची. (विचार करायचं काम पंडितदादाकडे होतं. आता ते कुणाकडेच नाही.)

नवागामच्या आमच्या गल्लीत विजेच्या खांबावर भाईदासचा नंबर होता. 'मशीनने जमिनीतलं पाणी पाहून मिळेल.' फोन केला आणि तो आलासुद्धा. एक डबा, वायरची रिळं, चार लोखंडी सळया.

"करंट जमिनीत सोडायचा," त्याने समजावलं. "खाली पाणी असलं की तो लवकर जातो. सळया एका रेषेत ठोकायच्या आणि लांब लांब नेत जायचं."

लांब म्हणजे शेजारच्या सरलाबाईच्या घरात. रेषा तिच्या ओट्याखालून थेट पलीकडच्या अंगणात जात होती.

"सुकदेव, माझ्या घरात खांब रोवतोस का रे?"

"सळई आहे, मावशी. पाणी लागलं की तुम्हालाही देऊ."

"मग तुळशीत रोव. फरशीला हात लावू नको."

"कुंडीत चालत नाही," भाईदास म्हणाला, "कुंडीला बूड असतं."

शेवटी तिच्या अंगणात सळई ठोकली. भाईदासने "वीतभर पुरे, भाऊ" म्हणेपर्यंत ती निम्मी आत गेली होती. मला थांबवत नव्हतं. कशाला तरी मारायला मिळालं होतं.

"माती फार कोरडी आहे," तो म्हणाला. "सळईच्या बुडाशी जरा मिठाचं पाणी घाला."

'जरा' हा शब्द मला कधीच ऐकू येत नाही. मी मीठ कालवून एक हंडा ओतला, मग दुसरा, मग प्यायचा माठ. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिने अडवलं नाही, म्हणजे तिला पटलं असणार, असं मी धरून चाललो.

"आता सळईला हात लावू नका," भाईदास म्हणाला. त्याच वेळी मी ती सरळ करत होतो. उडालो तो सरलाबाईच्या पापडांत.

दुपारी निकाल लागला. खाली काहीतरी आहे. पण खारं पाणी आणि चिकणमाती मशीनला सारखीच दिसतात, खोदल्यावरच कळेल. मी म्हटलं, खोदू.

"बोअर नको, भाऊजी," वहिनी म्हणाली.

"अहो, तुमची कंबर..."

"कंबर बरी आहे. नवरा गेल्यावर वर्षभर बाईनं उंबरा ओलांडू नये म्हणतात सगळे. पाण्याला गेलं तर कुणी काही बोलत नाही. नळावर चार बाया भेटतात. पाणी घरातच आलं तर मी कुठं जाऊ?"

दादाला हे तिने न सांगता कळलं असतं.

"सगळं ओतलंत ना? बरं केलंत," ती म्हणाली आणि रिकामे हंडे उचलून निघाली.

बराच वेळ झाला तरी आली नाही, म्हणून बघायला गेलो. गल्लीच्या टोकाला नळापाशी वहिनी हसत होती. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तोंडाला पदर लावून, कंबर धरून. मला तिथेच भरून आलं. डोळे पुसून जवळ गेलो तेव्हा दिसलं, हवेतच सळई धरल्यासारखं करून ती बायांना दाखवत होती, मी कसा उडालो ते.

मला बघून ती एकदम गप्प झाली. पदर सारखा करून खाली बघायला लागली. ते मला बघवेना.

"असं नाही, वहिनी," मी म्हटलं. "डावा पाय आधी गेला होता." आणि भर गल्लीत, सगळ्या बायांसमोर, मी उडी मारून दाखवली.

वहिनी पुन्हा हसली. त्या बायांतल्या सरलाबाईने मात्र मान हलवली.

"सकाळी चांगला उडाला होतास."