तीन धरणांच्या एका लायब्ररीची बखर

श्री जलदेवता प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपदमासी, नदी दुथडी वाहत असता धरणांच्या दरवाजांचे प्रकरणी राज्यात जो प्रसंग गुदरला तो साद्यंत लिहावा ऐसी आज्ञा जाहली, त्यावरोन पाहिले-ऐकिले तैसे लिहिले असे.

त्या राज्यात एके नदीवर तीन धरणे, वरले, मधले आणि खालले, आणि खालल्याच्या पायथ्याशी राजधानीचे शहर. तिन्ही धरणे वेगळाल्या कारकीर्दीत बांधिली, आणि धरणांवरील संगणकही ज्या त्या वेळचे, म्हणोन तिहींची ऑपरेटिंग सिस्टीम निराळी. एके ठायी जे मागताच मिळे ते दुसरे ठायी नाकारिले जाई. आजवर दरवाजे माणसे चाक फिरवोन उचलीत, त्यांचा जमादार रायाजी धुमाळ. मग दिवाण हैबतराव खळदकर यांनी मनी आणिले की दरवाजांचा प्रोग्राम सी भाषेत एकदाच लिहावा आणि तोच तिन्ही धरणी चालवावा. परंतु फाइल उघडणे, लिहिणे, तिचे नाव बदलणे, ही नित्याची कामे प्रोग्राम स्वतः करीत नाही, ती स्टँडर्ड लायब्ररी म्हणोन जो तयार कोडाचा संग्रह असतो त्याजकडोन करवितो. आणि तिन्ही सिस्टीमांवर एकसारखी वागेल ऐसी लायब्ररी कोणापाशी नव्हती. ती रचण्याचे काम मैनाबाई पारसनीस यांस सांगितले, आणि त्यांचे हाताशी अंताजी गुळवे दिले. दोघे एके गुरूपाशी शिकलेली, एकमेकांची लिहिण्याची ढब ओळखणारी. बाईंनी ऐसे योजिले की सिस्टीमेस स्पर्श करणारा मजकूर एका पातळ थरात कोंडावा आणि वरचे सर्व तिहींस एकच ठेवावे. त्याप्रमाणे वर्षभर दोघे खपली, आणि गणेशविसर्जनाचे दुसरे दिवशी दरवाजे संगणकाच्या स्वाधीन करावे, चाकावरील माणसे उठवावी, ऐसा दिवाणांनी हुकूम काढिला.

विसर्जन तोंडावर आले तेव्हा बाई मधल्या धरणावरोन परतल्या आणि त्यांचे माघारी अंताजींनी जे लिहिले ते वाचावयास बसल्या. पाणी चढेल तैसा दरवाजा किती उचलावा याचे आकडे एका फाइलीत असत. ते बदलावयाचे तर नवे आकडे दुसऱ्या फाइलीत पुरते लिहावे आणि मग तिला जुनीचे नाव द्यावे, म्हणजे अर्धवट लिहिलेले कोणी वाचू नये, ऐसी चाल. परंतु ते नाव जुन्या फाइलीस अगोदरच असता काय व्हावे, हे सी भाषेच्या शास्त्राने ज्या त्या सिस्टीमेवर सोडिले होते. वरल्या धरणाची सिस्टीम एका दमात जुनी काढोन नवी बसवी. मधली आणि खालली साफ नाही म्हणत. अंताजींनी तिथे इतकेच केले की अगोदर जुनी फाइल पुसावी, मग नवीस नाव द्यावे. वरून पाहता तिन्ही धरणी वागणूक एक दिसे, आणि सर्व परीक्षांस ते उतरले होते. बाईंनी त्या दोन ओळी वाचिल्या आणि तेथेच बोट ठेविले. पहिली ओळ जाहली आणि दुसरी होण्याच्या आत वीज गेली, तर आकड्यांची फाइल त्या नावाने कोठेच नाही. आणि आकडे नसता प्रोग्राम दरवाजे मिटोन बसे, म्हणजे पुरात धरण फुटण्याचे भय.

त्यांनी अंताजींस गाठोन हे सांगितले. अंताजी म्हणाले, ती फट पापणी लवण्याहून लहान, तीत नेमकी वीज जावी हे कसे घडेल? बाई म्हणाल्या, भाद्रपदात खालल्या धरणी वीज किती वेळा जाते ते आपणही जाणता, आणि पाणी चढले की आकडे घडोघडी बदलतात. अंताजी म्हणाले की दिवाणांस तारीख दिली, आता तोंड कोणते दाखवावे. यावर बाई एकट्याच निघाल्या आणि थेट दरबारी गेल्या.

दरबारात राणीसाहेब होत्या, दिवाण होते, जमादार होता. बाईंनी अर्ज केला की दरवाजांची संगणकास स्वाधीनता थांबवावी. दिवाणांचा चेहरा उतरला, म्हणाले, वर्षाचे काम, आणि आज ही शंका? दाखवा म्हणाले. तेव्हा खालल्या धरणाचा जोडसंगणक, म्हणजे तेथल्यासारखाच दुसरा, सभेत मांडिला, आकडे बदलावयास लाविले, आणि बाईंनी आपल्या हाते वीज तोडिली. संगणक पुन्हा उठला, फाइल जागचे जागी. पुन्हा तोडिली, पुन्हा तैसेच. मग तोडीत गेल्या आणि तो उठत गेला, आणि दर खेपेस आकडे शाबूत. सभेत कोणी खोकले, कोणी हसू दाबिले. आपण ओळी वाचोन जे ताडिले ते सभेच्या डोळ्यांपुढे दाखविता येत नाही, ऐसे बाईंस कळो आले. बाहेर खालल्या धरणाकडोन स्वार आला की पाणी धोक्याच्या खुणेस लागले.

दिवाण म्हणाले, “बाई, नदी तुमच्यासाठी थांबणार नाही.”

तेव्हा अंताजी, जे मागाहून येवोन खांबाशी उभे होते, ते पुढे आले आणि कोणास न पुसता संगणकापाशी बसले. त्यांनी आपल्याच त्या दोन ओळींच्या मध्ये प्रोग्रामास अंमळ थांबण्याचा हुकूम लिहिला, चालविला, आणि बाईंकडे न पाहता म्हणाले, “आता तोडा.”

बाईंनी तोडिली. संगणक उठला, फाइल शोधू लागला, आणि पडद्यावर अक्षरे आली की आकडे नाहीत, दरवाजे बंद. दिवाण म्हणाले की हे तर मुद्दाम थांबवोन केले. अंताजी म्हणाले, थांबविल्याने फट मोठी दिसली इतकेच, ती मी आज पाडिली नाही, अगोदरच ठेविली होती. राणीसाहेबांनी पुसले, तुमचेच काम तुम्ही का मोडिले?

अंताजी म्हणाले, “सरकार, बाई बरोबर होत्या आणि त्यांना त्या फटीत वीज तोडणे साधत नव्हते. जागा मला ठाऊक होती. मी गप्प कसा बसू?”

राणीसाहेबांनी हुकूम दिला की स्वाधीनता तहकूब, चाकावरील माणसांनी जागा सोडू नये. जमादार तेच पावली घोड्यावर बसोन खालल्या धरणी गेला, आणि त्या दिवशी दरवाजे हातांनीच उचलिले. पाणी शहराच्या घाटापर्यंत येवोन ओसरले.

पुढे दोघे पुन्हा बसली. कोणी म्हणे, नव्या आकड्यांची फाइल निराळ्या नावाने तर उरतेच, तीच वाचावी. परंतु ती पुरती की अर्धी हे कळावे कसे? तेव्हा अंताजींनीच तोड काढिली, आणि बाईंनी लायब्ररीत निराळे काम निर्मिले, त्याचे नाव पालट, आणि त्याचे वचन इतकेच की वीज कधीही जावो, जुने नाही तर नवे, एक काही पुरते हाती राहील. वरल्या धरणी ते सिस्टीमच करी. मधलीपाशी याच कामाचा निराळा हुकूम निघाला, तो वापरिला. खालली काहीच देईना, म्हणोन तिथे दोन फाइली आळीपाळीने लिहाव्या, प्रत्येकीत अनुक्रमांक आणि फाइल पुरती की अर्धी हे दाखविणारा पडताळ्याचा आकडा घालावा, आणि उठताच जी पुरती आणि नवी तीच वाचावी, ऐसे केले. नाव बदलण्याचे जुने काम मात्र जिथे सिस्टीम नाही म्हणे तिथे लायब्ररीनेही नाही म्हणावे, ऐसे ठरविले. दिवाणांस हे रुचले नाही, की तिहींची वागणूक एक राहिली नाही. ते बाईंशी त्यानंतर कामापुरतेच बोलत.

मार्गशीर्षी पाणी उतरले तेव्हा खालल्या धरणी स्वाधीनता जाहली. जमादार रायाजी चाकावर हात ठेवोन उभा होता, त्याने बाईंस विचारिले, “आता हे बंद पडणार नाही ना?”

बाई म्हणाल्या, “जमादार, बंद पडणार नाही ऐसे मी म्हणत नाही. बंद पडले तर मागे काय राहील, तेवढे सांगू शकते.”

जमादार म्हणाला की मग आमची माणसे पुढला पावसाळा इथेच राहतील. दिवाण काही बोलावयास गेले, तो राणीसाहेबांनी जमादारास होकार दिला.

एवंच, लायब्ररी एक, धरणे तीन, आणि वचन तिहींस सारखे जाहले, रीत सारखी जाहली नाही. अंताजी खालल्या धरणाचे कामी नेमिले गेले, ते अद्याप तेथेच आहेत. चाके काढिली नाहीत. जाहला मजकूर इतका.