चिनी मातीच्या घरी रबर

दत्तोपंत कपावर टिचकी मारल्याखेरीज चहा घेत नाहीत. नाद खणखणीत आला तर कप ओठाला. बद्द आला तर यजमानीणबाईंच्या देखत परत. माझ्या देवघरातील शाळिग्राम तेवढा त्यांच्या टिचकीतून सुटला आहे, तोही मी हात जोडले म्हणून.

विजेच्या तारा खांबावर ज्यांच्या आधाराने तोलतात, ते चिनी मातीचे इन्शुलेटर भाजण्यात या माझ्या शेजाऱ्याचे आयुष्य सातपूरच्या भट्टीवर गेले. आता त्यांच्या जागी सिलिकॉन रबराचे चढू लागले आहेत. तो विषय निघाला की दत्तोपंत ‘रबर ते रबर’ म्हणून आरंभ करतात आणि समोरचा उठून जाईपर्यंत विराम घेत नाहीत.

त्यांच्या मातृहीन कन्येला, मुग्धाला, ओझरचे स्थळ आले. मुलगा नेमका रबरी इन्शुलेटर तपासणारा. तिला तो मनापासून आवडला होता.

“गुरुजी, तुम्ही बाबांच्या शेजारीच बसा,” ती मला म्हणाली. “ते रबरावर घसरले तर संपलंच.”

पाहुणे आले, आणि मी दत्तोपंतांच्या शेजारी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत बसलो. पोहे निर्विघ्न पार पडले. चहा आला, आणि दत्तोपंतांनी सवयीने मुलाच्या वडिलांच्याच कपावर टिचकी मारली.

“काय पाव्हणं, आमची बी परीक्षा का?” ते हसले. “तुमच्या मातीचे दिवस सरले. आता सगळीकडं रबर हाय.”

दत्तोपंतांचे कान तांबडे झाले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि मुलाला विचारले, “रबराच्या आत पाणी शिरून मधला दांडा तडकला, तर बाहेरून कळतं?”

दारातील मुग्धाने डोळे मिटले.

“कळतं म्हण ना,” मुलाचे वडील पुटपुटले.

“दर वेळी नाही कळत, काका,” मुलगा म्हणाला. “पास म्हणून सही करताना भीती वाटते. शंका आली की मी माल अडवतो. साहेब चिडतात.”

“चिडू देत. भट्टी उघडताना मलाही भीती वाटायची.” दत्तोपंतांनी एकवार मुग्धाकडे पाहिले. “आमचा होकार आहे. चहा घ्या, निवतोय.”

मंडळी गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तो दत्तोपंत चपला शोधू लागले.

“गाडी फाट्यापर्यंत गेली असेल का हो, गुरुजी?”

“काही राहिले का?”

“आई गेल्यापासून पोरीला अंधारात झोप लागत नाही. मी रात्रभर ओसरीचा दिवा ठेवतो, आणि सकाळी म्हणतो, विसरलो. तिला वाटतं, बाप विसराळू आहे.” त्यांनी घाईने चपलेत पाय सरकवला. “त्याला सांगायला हवं.”