बघून म्हणतंस काय उगाच?

आमच्या शेजारच्या बापूला नुसतं ‘हो’ म्हटलेलं चालत नाही. कुंपणापलीकडून विचारणार, “वयनी, गॅस बंद केलंस?” मी म्हणते, “व्हय.” की लगेच, “बघून म्हणतंस काय उगाच?” मग मी गुडघे धरत उठते, गॅस बघून येते. तो बंदच असतो. एकदाच नव्हता, पण ते बापूला कशाला सांगू!

हा बापू विद्यापीठात शिकवतो. काय, तर डोंगर. म्हणजे लोकांना कड्यावर न्यायचं कसं, दोर बांधून सुखरूप खाली आणायचं कसं, याचा तिथे रीतसर अभ्यासक्रम आहे. आमच्या आचरे गावात आधी सगळे हसले. “दर्याकाठचो माणूस, बांगडो खावन डोंगर शिकवता!” बापूचं उत्तर तयार, “दर्यात पडलो तर हात मारीत पेवन काठार येतलो. कड्यावरसून पडलो तर काय पेवतलो?” शनिवारी घरी आला की तो माझ्या वाळवणाच्या दोरीच्या गाठी सोडून पुन्हा बांधतो. आता तिच्यावर गोधडी सोडा, म्हैस वाळत घातली तरी ती सुटायची नाही.

पण खरी गंमत त्याच्या गाऱ्हाण्यात. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बापूने तेच उचलून कड्यावर नेलं. उतरण्याआधी पोरांना रांगेत उभं करतो आणि खड्या आवाजात सुरू. “दोर झाडाक बांधलो हा रे म्हाराजा?” “व्हय म्हाराजा!” “गाठी घट्ट आसत रे म्हाराजा?” “व्हय म्हाराजा!” मध्येच, त्याच सुरात, “दोराची कडी उघडी ठेवली हा रे म्हाराजा?” आणि जन्माच्या सवयीने सगळे ओरडतात, “व्हय म्हाराजा!” झालं. त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

माझी नात तन्वी गेल्या साली परीक्षेत अशीच ओरडली आणि नापास झाली. ज्याच्या अंगाखांद्यावर खेळली, त्यानेच नापास केली! आठवडाभर मी बापूकडे कालवण पाठवलं नाही. शेवटी तोच आला, माझंच जुनं भांडं धुऊन द्यायच्या निमित्ताने. म्हणाला, “वयनी, उद्या ही दुसऱ्यांच्या पोरांका घेवन जातली. माका रडलेली चलात, पडलेली चलाची नाय.”

यंदा तिची शेवटची संधी. हुकली, तर डोंगरातली वाटाडी व्हायचं विसरायचं. मी डबा घेऊन घाटातल्या त्या कड्यापर्यंत गेले. बाहेरगावचे परीक्षक आलेले. तन्वी शांत, आणि बापूच सारखा पाणी पीत होता. गाऱ्हाणं सुरू झालं. पोरांबरोबर मीही ओरडत होते, परीक्षकही.

“सगळ्यांची हेल्मेटां घट्ट आसत रे म्हाराजा?”

“व्हय म्हाराजा!”

“नाय म्हाराजा.”

आमची तन्वी. गाऱ्हाण्यात ‘नाय’? मी तिला चिमटाच काढला. तिने सरळ बापूकडे बोट केलं. “सर, तुमचो पट्टो सुटलेलो आसा.”

खरंच, हनुवटीखाली लोंबत होता. बापूचे कान लाल. त्याने पट्टा लावला, ओढून पाहिला आणि परीक्षकांना म्हणाला, “मुद्दाम सोडलेलो.” कोणाचाही विश्वास बसला नाही.

मग तन्वीने एकेकाला खाली उतरवलं. मी डबा पोटाशी धरून, डोळे मिटून बसले होते. पोरगी पास झाली! आचऱ्यातली पहिली वाटाडी. मी बाजारातून खाजं आणून घरोघर वाटलं, आणि बापूने प्रत्येक घरात जाऊन सांगितलं, “माका चुकीचो म्हणाली! माका!” असा फुलला होता, जशी काही त्यालाच पदवी मिळाली.

परवा ती पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर माणसं घेऊन गेली. दिवेलागणीला बापू त्याच्या अंगणात तुळशीपाशी उभा दिसला. त्याची बायको सुमन होती तेव्हाही तो असाच उभा राहून रोज गाऱ्हाणं घाली, आणि ती चुलीपासून ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. ती गेली तरी त्याने गाऱ्हाणं सोडलं नाही. तिच्या उत्तरापुरता थांबतो, मग पुढे जातो.

“पोरगी सगळ्यांका सांभाळून सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा.”

थांबला.

“व्हय म्हाराजा!” मी कुंपणाअलीकडून, आमच्या खळ्यातून म्हटलं.

तो दचकला. मग नेहमीचा खाष्ट आवाज आला, जरा ओलसर.

“बघून म्हणतंस काय उगाच?”

“बघून म्हणतंय रे बापू. ती बघ, पाणंदीतसून खांद्यार दोर घेवन कोण येता ता.”