मंजुळेचं बंड आणि पळसाची पानं

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ राज्य करत होता. कोणत्या जंगलात ते विचारू नका. सगळ्याच जंगलांना आपलंच नाव घेतल्यासारखं वाटेल.

वाघ म्हातारा झाला होता. शिकारीमागे धावलं की त्याला धाप लागे. मग त्याच्या प्रधानाने, म्हणजे कोल्ह्याने, एक खेळ काढला. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून सहा प्राणी निवडायचे आणि खोल घळीत सोडायचे. त्यांनी एकमेकांना ढकलत पळायचं. मागे पडतील ते पाच वाघाचे. उरेल तो एक 'जंगलवीर'. त्याला हार घालायचा.

खेळ भलताच गाजला. बघायला सारं जंगल लोटे. मंडळी भल्या सकाळी टेकडीच्या उतारावर येत आणि पळसाचं पान टाकून जागा धरत. पानाकडे लक्ष ठेवायला कोणी नसेल, तर उठणाऱ्याची जागा गेलीच म्हणून समजा.

त्या वर्षी मंजुळा नावाच्या भेकरीची चिठ्ठी निघाली. भेकरं म्हणजे पान वाजलं तरी पळणारी जात. पण कोल्ह्याने शिट्टी वाजवली आणि ही जागची हललीच नाही. बाकीच्या पाचांना म्हणाली, "पाठीला पाठ लावून उभे राहा." ते राहिले. मग तिने वर उताराकडे पाहिलं.

"अहो, त्याच्या तोंडात चारच दात उरलेत! तुम्ही चारशे आहात. खाली या! आज आलात तर पुढच्या वर्षी तुमची चिठ्ठी निघणार नाही!"

वाघाची बोबडी वळली. शेपूट पायात घालून तो मागे सरकू लागला. खोटं नाही सांगत.

वर रडारड झाली. माकडांनी टाळ्या पिटल्या. "काय बोलते पोरगी! अंगावर काटा आला बघा," साळिंदर म्हणालं.

मंजुळेची सख्खी मावशी तिसऱ्या रांगेत होती. ती डोळे पुसत म्हणाली, "मी उतरतेच. रानडुक्करभाऊ, माझ्या पानाकडे जरा लक्ष ठेवाल?"

"छे हो मावशी, मीच निघालोय. तुम्हीच माझं बघा."

"मग सांबरदादांना सांगू या."

"मी तर केव्हाचा निघालोय," सांबरदादा म्हणाले. "पण हे अस्वल माझं पान सांभाळायला तयारच होईना!"

कसं होणार? अस्वलालाही लढायचंच होतं. चारशेच्या चारशे प्राणी लढायला तयार होते, त्यामुळे पानं राखायला एकही मिळेना.

"लवकर या!" मंजुळा ओरडली.

"आलोच!" वरून चारशे आवाज आले.

वाघाने थोडी वाट पाहिली. कोणी उठत नाही असं दिसल्यावर तो पुढे आला. सहाही जण पाठीला पाठ लावून शेवटपर्यंत उभे होते. त्या वर्षी जंगलवीर कोणीच झाला नाही. मला त्या पोरीचा अभिमान वाटतो, आणि उतारावरच्या मंडळींचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं.

घरी जाताना सगळ्यांचं एकमत झालं, की इतकं सुंदर बंड आजवर झालं नव्हतं. मावशी भेटेल त्याला सांगत होती, "माझीच भाची हो!"

हे वाघाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली, की यापुढे दरवर्षी सहांमध्ये एक बंडखोर असलाच पाहिजे. प्रजेने राजाचे मनापासून आभार मानले.

तात्पर्य: शहाण्या राजाने बंड मोडू नये. ते मागच्या रांगेलाही नीट दिसेल, एवढं बघावं.