आंगठा थांबना पाह्यजे

कळसाडीचे भटू आप्पा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, अंगठ्याकडे बघतात. शहाद्याच्या एसटी स्टँडवर कुणी मोबाइल काढला की आप्पा त्याच्या पाठीमागे उभे. एकदा एका प्रवाशाचा अंगठा आप्पांच्याच चित्रावर अडखळला, तर तो थांबला म्हणून हे खुशीत ओरडले, "थांबना! आंगठा थांबना!" त्या बिचाऱ्याने आधी पाकीट चाचपलं.

आप्पा मूळचे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. पुढे लकव्याने त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची, वाचा गेली, उजवा हातही गेला. गावाला वाटलं, आता आप्पा खचणार. तर गडी मोबाइलवर चित्रकथा टाकायला लागला! नवापूरच्या पोल्ट्रीतून पळालेली एक कोंबडी पायी सातपुड्याकडे निघालीय आणि वाटेत भेटेल त्याला अहिराणीत झापतेय. झापणं हुबेहूब काकूंचं.

पहिल्या खेपेला त्यांनी पेपरात असतात तशा एका पानात आठ चौकटी कोंबल्या. मोबाइलवर अक्षरं मुंग्यांएवढी दिसली. मी शेजारधर्माला जागून हसलो. आप्पांनी कात्री घेतली आणि चौकटी कापून एकीखाली एक चिकटवल्या. पट्टी ओट्यावरून थेट अंगणात उतरली. कोंबडी विहिरीत पडते तिथे हातभर कागद कोरा.

"आप्पा, एवढा कागद वाया?"

"वाया नही भो. तुन्हा आंगठा बी तिन्हासंगे पडना पाह्यजे."

मोबाइलवर वाचलं आणि खरंच माझा अंगठा त्या कोऱ्या जागेतून खाली खालीच जात राहिला.

पूर्वी याच माणसाची चित्रं मासिकांनी 'भाषा कळत नाही' म्हणून परत धाडली होती. आता सुरतेहून कुणी लिहितं, "मन्ही माय आशीच बोलस." ना छापखाना, ना संपादक. एका ओट्यावरून हे सगळं चालतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण कोंबडी काही घरी पोचेना. वाचक कावले. मीही म्हटलं, "संपवा की आता."

आप्पांनी मला आत नेलं. काकूंच्या मांडीवर उशी, उशीवर मोबाइल. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू कोपऱ्यात धूळ खात पडलेला. काकूंचा उजवा अंगठा थरथरत, अडत, पट्टी वर सरकवत होता. कोंबडीने सरपंचाला झापलं तशा काकू अर्ध्या ओठाने हसल्या. अंगठा पुन्हा निघाला.

"लोकेस्ना थांबना पाह्यजे," आप्पा हळूच म्हणाले, "इन्हा चालना पाह्यजे. गोष्ट सरनी तर इन्हा आंगठा बठी जाई."

मी बाहेर आलो. ओट्यावर पुढची पट्टी वाळत होती. कोंबडी पुन्हा रस्ता चुकली होती.